आरोपीच्या बहिणीची साक्ष

बुधवार, ३ सप्टेंबर

लायब्ररीत नवा गठ्ठा मिळाला, साठ पानांचा. खटला मारुतीच्या शेपटासारखा वाढतोच आहे. १८८१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना रेल्वे स्टेशनवर गोळी घालणाऱ्या माणसाचा खटला, त्याचा छापील वृत्तांत, आणि तो तपासणारे आम्ही सहा रिटायर्ड रिकामटेकडे. मशीनने पानं वाचून कॉम्प्युटरवर चढवलीत, पण जुना छाप मशीनला नीट वाचता येत नाही. म्हणून दोघादोघांनी बसायचं. एकाने छापील पान मोठ्याने वाचायचं, स्वल्पविरामासकट, दुसऱ्याने स्क्रीनवर ताडून पाहायचं. माझा जोडीदार हॅरल्ड. वय ऐंशी, जन्मभर टपाल वाटलं. ते अध्यक्ष आमच्या ओहायोचे, म्हणून त्याला हे घरचं कार्य वाटतं. मला आपलं चुका काढायला आवडतं. विमा कंपनीत बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, खोड जात नाही.

आरोपी भर कोर्टात सारखा मधे बोलतो. देवाने सांगितलं म्हणून गोळी घातली म्हणतो. न्यायाधीश गप्प करतात, हा होत नाही. स्वतःच्याच वकिलाला वाट्टेल ते बोलतो, आणि वकील कोण, तर सख्ख्या बहिणीचा नवरा. हॅरल्ड म्हणाला, तो वेडा होता की नव्हता एवढाच सगळा खटला आहे, वेडा ठरला तर फाशी टळेल. मी म्हटलं, पुढची ओळ वाच.

येताना गौरीकडे. बाळ आज चार आठवड्यांचं झालं. विहीणबाई त्याला न्हाऊ घालत होत्या. शोभाताई मुद्दाम पुण्याहून आल्यात. रीतीने पहिलं बाळंतपण माहेरचं, पण माहेर दहा मिनिटांवर आणि त्यांचा व्हिसा सहा महिन्यांचा, तेव्हा वाद नको. बाळाला न्हाऊ घालावं तर त्यांनीच. गौरी सोफ्यावर बसून. अळिवाची खीर तशीच पडलेली. रडते, का ते सांगता येत नाही. उद्या डॉक्टरकडे.

गुरुवार, ४ सप्टें.

जावयाला, निखिलला, मीटिंग, म्हणून गौरी, मी, शोभाताई आणि बाळ. नर्स टॅब्लेटवर टिका मारत भराभर विचारत होती. झोप किती, भूक किती, स्वतःला इजा करावीशी वाटते का. मग फॅमिली हिस्टरी. घरात कुणाला बायपोलर, सायकोसिस, आत्महत्या, हॉस्पिटलात ठेवावं लागलं असं काही. गौरीने माझ्याकडे पाहिलं. "आई? एनीथिंग?"

शोभाताई समोरच्या खुर्चीत, मांडीवर बाळ.

"नो," मी म्हटलं. "नथिंग."

नर्सने टीक केली. डॉक्टरने उदासीवरच्या गोळ्या दिल्या, हलका डोस, दोन आठवड्यांनी परत या.

गाडीत शोभाताई म्हणाल्या, बरं बाई, आपल्या दोन्ही घरांत तसलं काही नाही. मी म्हटलं, हो ना.

दादाबद्दल इथे लिहिणार नाही.

शुक्र., ५ सप्टें.

लिहिते. ही वही कोण वाचणार आहे?

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आधी महिनाभर गप्प, अंथरुणातून उठेना. मग एकदम खुलला. झोप नाही तरी दमणं नाही. आई म्हणायची, दृष्ट काढली म्हणून पोरगं बरं झालं. मुख्यमंत्र्यांना रोज एक पत्र लिहायचा, वहीची पानं फाडून, दोन्ही बाजूंनी. त्याला म्हणे सगळं कळलं होतं. आणि एका सकाळी बाबांवर वरवंटा उगारला. मी दारात होते, चौदा वर्षांची. बाबांना लागला नाही. भिंतीचा पोपडा निघाला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि काका त्याला रिक्षात मधे बसवून मनोरुग्णालयात घेऊन गेले. संध्याकाळी बाबांनी नागपूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीत सांगितलं, मुलाने संन्यास घेतला, हृषीकेशला आश्रमात गेला. ऐनवेळी हे त्यांना कुठून सुचलं देव जाणे. शेजारच्या काकू येऊन आईच्या पाया पडल्या, म्हणाल्या, धन्य तुमची कूस. आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्यानंतर मागे फिरायला जागाच उरली नाही.

माझ्या लग्नात मुलाकडच्यांना तेच सांगितलं. सुधीरला मी वर्षभराने खरं सांगितलं. तो म्हणाला, आता कुणाला सांगू नकोस. गौरीच्या लग्नातही मामा संन्यासी. शाळेत असताना तिने कुटुंबाचं चित्र काढलं होतं, त्यात एक माणूस भगव्या रंगाचा. बाईंनी विचारलं हा का ऑरेंज, तर म्हणाली, ही इज होली.

आम्ही नवीनच इकडे आलो होतो, एडिसनला राहत होतो, तेव्हा दादा गेला. बाबांचा फोन शेजाऱ्यांच्या घरून. म्हणाले, "स्वामींनी देह ठेवला." शेजारी ऐकत असणार. मीही इकडून म्हटलं, बरं. संन्याशाचं सुतक नसतं. त्याच शनिवारी कुणाकडे तरी डोहाळजेवण होतं. गेले, जेवले, सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा उखाणाही घेतला.

तेरा-चौदा वर्षं तिथे होता तो. मी त्याला भेटायला

पुरे.

सोम., ८ सप्टें.

पितृपक्ष लागला. गौरी आज जेवली. गोळ्या लागू पडतायत बहुतेक. मी विनाकारण घाबरते.

बुध., १० सप्टें.

गौरी छान! स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून, पुसून, लेबलं लावून ठेवलेले. बाळाच्या कपड्यांना दिवसवार नंबर. शोभाताई खूश, म्हणाल्या सूनबाईंनी मनावर घेतलं. दमली नाहीस का विचारलं, तर "आय फील अमेझिंग, आई." गालांवर रंग आलाय.

लायब्ररीत आज सगळी नातेवाइकांची पानं. बचावाचा वकील एकेकाला उभं करतो: चुलता असा होता, आत्या तशी होती, बापाच्याही डोक्यात देवाधर्माचं भलतंच काही होतं. सरकारी वकील उठून तेच नातं पुन्हा उलगडतात आणि विचारतात, मग घराण्यात कुणी वेडं होतं का? काही नातेवाईक साफ नाही म्हणतात. मला त्यांची फार चांगली ओळख आहे. चांगल्या घरची माणसं, पोरीबाळींची लग्नं व्हायची असतील.

हॅरल्ड म्हणाला, त्याच्या आईची एक बहीण होती, घरात सांगायचे छातीचा विकार आहे, डोंगरात हवा खायला ठेवलीय. ती कुठे आहे हे त्याला चाळीसाव्या वर्षी कळलं. मग म्हणाला, तुमच्याकडे असं नसेल, तुमच्याकडे सगळे एकत्र राहतात ना. मी हसले. तीस-पस्तीस वर्षं या देशात राहून अजून कुणी ना कुणी आपल्याला हे सांगतंच.

रवि., १४ सप्टें.

दुपारी गौरीकडे जेवण. तिने एकटीने अकरा पदार्थ केले. बाळाला अंगावर पाजता पाजता बोलतेय, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. निखिल हसतोय, पण हसू ताणलेलं. तो म्हणाला, शी इज नॉट स्लीपिंग, आई. लाइक, अ‍ॅट ऑल.

मग तिने लॅपटॉप आणून दाखवला. गव्हर्नरला ईमेल. ओहायोतल्या सगळ्या नवजात बाळांसाठी योजना. स्क्रोल करतेय, करतेय, संपेचना. म्हणाली, हे सगळं तिला बाळाने सांगितलं. तो रडायच्या आधीच तिला ऐकू येतं.

मी भांडी घासायला उठले. नळ सोडून उभी राहिले. दादा तिथे त्या स्वयंपाकघरात, माझ्या मुलीच्या

गाडीत सुधीरला म्हटलं, दादाचं असंच सुरू झालं होतं. तो म्हणाला, झोप नाही म्हणून होतं बाळंतिणीला, भलते तर्क काढू नकोस. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायला हवं. "आणि शोभाताईंना काय सांगशील? लग्नात फसवलं म्हणून?" तो चिडला नव्हता. घाबरला होता. आम्ही दोघेही घाबरट. पस्तीस वर्षांचा संसार त्या एका बाबतीत अगदी एकमताने केला.

मंगळ., १६ सप्टें.

क्लिनिकला फोन केला. सांगितलं, मुलगी झोपत नाही, फार बोलते. पेशंट आता चौतीस वर्षांची आहे, तिनेच फोन करायला हवा म्हणाल्या, तरी मी सांगितलेलं नोंदवून घेतलं. आणखी काही सांगायचंय का? मी म्हटलं, नाही, तेवढंच.

तेवढंच!

बुध., १७ सप्टें.

आज बहिणीची साक्ष आली.

हॅरल्डला खोकला, म्हणून म्हणाला प्रश्न तो वाचेल, उत्तरं मी वाचावीत, स्क्रीनकडे दोघांनी आळीपाळीने पाहू. म्हणजे ती मी झाले.

ती सांगते, गोळीबाराच्या काही वर्षं आधी भाऊ तिच्या घरी राहायला होता. एकदा लाकडं फोडता फोडता त्याने तिच्यावर कुऱ्हाड उगारली. तिने डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाले हा वेडा आहे, इस्पितळात ठेवा. ते व्हायचं राहिलं आणि तो निघून गेला. भर कोर्टात सांगते. पत्रकार लिहून घेतायत, बायका गॅलरीत बसून बघतायत, खुद्द भाऊ बाकावरून तिला ओरडतोय, आणि नवरा वकील म्हणून समोर उभा. हे सगळं ज्याला वाचवायला चाललंय तोच तिच्यावर चिडलेला.

कुऱ्हाडीच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. हॅरल्डला वाटलं पान दिसत नाही. त्याने दिवा जवळ सरकवला. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, स्वल्पविरामासकट. एकही चूक नव्हती त्या पानावर. मशीनने सगळं नीट वाचलं होतं.

या बाईचा मला राग आला. खरंच सांगते, राग. एवढं काय पडलं होतं तिला? मग घरी येऊन रडले.

गुरु., १८ सप्टें.

द्वादशी. संन्याशांचं श्राद्ध आज असतं. आईने जिवंत असेपर्यंत दरवर्षी द्वादशीला पान वाढलं, खिरीसकट. खोटं असं निष्ठेने पाळलं बिचारीने की त्याचं खरं श्राद्धसुद्धा कधी झालं नाही.

दोन आठवडे झाले म्हणून आज गौरीची अपॉइंटमेंट होती. तिने कॅन्सल केली. निखिलला सांगितलं, डॉक्टरांना तिच्यापेक्षा कमी कळतं. मी त्याच्याशी बोलायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात मागे शोभाताईंचा आवाज आला, कोणाचा फोन रे, आणि मी डिंकाच्या लाडवांबद्दल बोलले.

रविवारी दोघांना बसवून सांगायचं. नक्की. सर्वपित्री आहे, निखिल घरी असेल.

शनि., २० सप्टें.

रविवारची वाट पाहायला नको होती.

सकाळी दहाला निखिल शॉवरमध्ये, शोभाताई देवपूजेत, आणि गौरी बाळाला मांडीवर घेऊन गाडीने निघाली. मांडीवर. बाळाची कार सीट गॅरेजमध्येच. गव्हर्नरला भेटायला डाउनटाउनला निघाली होती. हायवेवर पोलिसांनी थांबवलं. गाडी हळू चालवत होती म्हणे, फार हळू, म्हणूनच लक्ष गेलं.

बाळाला ओरखडाही नाही. हे वाक्य मी दिवसभर म्हणतेय.

इमर्जन्सीत आम्ही सगळे. गौरीला आत नेलेलं, तिचा आवाज बाहेर येत होता, बोलतेय बोलतेय. एक तरुण डॉक्टरीणबाई आली. तिने कॉम्प्युटरवर बघून म्हटलं, फॅमिली हिस्टरी काही नाही असं दिसतंय, बरोबर ना? निखिल म्हणाला, राइट. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका त्याचा विश्वास.

मी उभी राहिले. बसूनही सांगता आलं असतं.

"नो. दॅट इज राँग. आय टोल्ड देम राँग."

मग सगळं सांगितलं. माय ब्रदर. एकविसाव्या वर्षी. आधी गप्प, मग झोप नाही, मग पत्रं. वरवंट्याला इंग्रजी शब्द सुचेना, म्हटलं स्टोन. हॉस्पिटलात तेरा-चौदा वर्षं, तिथेच गेला. डॉक्टर टाइप करत होती. तिने मान वर करून विचारलं, औषधं काय होती, आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला आणखी कुणी होतं का. एक आजी होती, अंगात यायचं तिच्या. तेही सांगितलं. काय काय सांगितलं. सुधीरने माझा कोपराजवळचा पदर धरून ठेवला होता, थांबवायला की आधाराला, विचारलं नाही.

शोभाताईंच्या मांडीवर बाळ होतं. त्या मराठीत एवढंच म्हणाल्या, "मग ते आश्रमातले?"

मी म्हटलं, तेच.

गौरीला ठेवून घेतलं. कोलंबसच्या हॉस्पिटलात, तिसरा मजला, मनोविकारांचा.

सोम., २२ सप्टें.

घटस्थापना. घट बसवला नाही.

डॉक्टर निखिलला म्हणाले की नुसत्या उदासीवरच्या गोळ्या अशा घराण्यात उलट चढू शकतात, माहीत असतं तर वेगळं औषध दिलं असतं, लवकर बोलावलं असतं. कदाचित तरीही झालं असतं, असंही म्हणाले. निखिलने मला दोन्ही वाक्यं सांगितली. भला मुलगा आहे. पण आई म्हणाला नाही, फोन ठेवेपर्यंत कुठलीच हाक मारली नाही.

दुपारी बाळासाठी फॉर्म्युला दूध घेऊन गेले. शोभाताईंनी दार उघडलं. मी म्हटलं, शोभाताई, चुकलं माझं. त्या बाळाचे लंगोट घड्या करत होत्या, घड्या करतच राहिल्या.

"लग्नाआधी सांगितलं असतंत तर नाही म्हटलं असतं आम्ही," म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी क्लिनिकमध्ये का नाही बोललात? तेव्हा तर लग्न झालेलं होतं."

त्या खुर्चीत तुम्ही बसला होतात, हे काय उत्तर झालं?

मग त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं आणि आंघोळीला गेल्या. तासभर माझ्यापाशी होता. डोळे उघडून बघत होता. तुलाही आता हे विचारतील रे बाबा प्रत्येक फॉर्मवर.

बुध., २४ सप्टें.

जायचं नव्हतं. सुधीरने नेऊन सोडलं, घरात नुसती भिंतीकडे बघत बसतेस म्हणाला.

निकालाची पानं. ज्यूरी तासाभरात परत आली. दोषी. पुढच्या उन्हाळ्यात फाशी. हॅरल्डने विचारलं, बहिणीच्या साक्षीचा काही उपयोग झाला का? मी म्हटलं, नाही, काहीच नाही. तो म्हणाला, शी मस्ट हॅव नोन. त्या वेळी अख्खा देश त्याच्या मरणाची वाट बघत होता, तिला कळत असणारच.

मग मी हॅरल्डला सांगितलं. दादाचं, गौरीचं, क्लिनिकचं. पहिला परका माणूस. त्याने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसला. म्हणाला, त्याची ती मावशी कुठे आहे हे कळल्यावर तो गाडी घेऊन गेला होता. उशीर झाला होता. एका रांगेत सगळे नंबरांचे दगड. कुठला तिचा ते ऑफिसातल्या बाईने वही बघून सांगितलं.

आम्ही आज सोळाच पानं केली.

शुक्र., २६ सप्टें.

गौरी झोपली! सलग सात तास. नवीन औषध. निखिलने मेसेज केला. खाली हसरा चेहराही नव्हता, पण मेसेज केला.

चार वाजता हॉस्पिटलात गेले. तिसऱ्या मजल्यावर जाण्याआधी खाली डेस्कवर नाव सांगावं लागतं. पेशंट स्वतः यादी देतो, कुणी भेटायचं त्याची. डेस्कवरच्या बाईने दोनदा पाहिलं. निखिलचं नाव आहे. शोभाताईंचं आहे. तिच्या बाबांचंही आहे, सुधीरचं.

आय अ‍ॅम सॉरी, मॅम.

मी म्हटलं, मी तिची आई आहे. ती म्हणाली, येस मॅम. काही चुकीचं बोलली नाही बिचारी.

सुधीर एकटा वर गेला. मी लॉबीत बसून राहिले. खाली येऊन म्हणाला, हात थरथरतोय तिचा औषधाने, पण बोलणं तिचं आहे. तिचं, आपल्या गौरीचं. माझ्याबद्दल काही? "म्हणाली, शी लाइड टु माय नर्स." मग, "आणि म्हणाली, शी लाइड अबाउट अ होल पर्सन."

शनि., २७ सप्टें.

गेले. यादीत नाव नाही. लॉबीत बसले, दीड तास. साडेपाचला भेटीची वेळ संपली तेव्हा उठले.

रवि., २८ सप्टें.

गेले. तेच.

शोभाताई वरून खाली आल्या, मला बघून थांबल्या. म्हटलं, कशी आहे? म्हणाल्या, बाळाचा फोटो छातीशी धरून रडली, पण शहाण्यासारखी रडली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. निखिल गाडी घेऊन आल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, डबा आणलाय, वर त्यांनी नेऊ दिला नाही, तुम्ही खा. पोळी-भाजी होती. खाल्ली तिथेच.

सोम., २९ सप्टें.

चारला पोचले. यादीत नाव नाही.

सव्वाचारला निखिल वर गेला आणि दहा मिनिटांत खाली आला. एवढ्या लवकर बघून मी उठून उभी राहिले. तो समोर उभा राहिला, म्हणाला, "आई, ती विचारतेय, मामाचं नाव काय होतं?"

चौतीस वर्षांत तिला त्याचं नाव कधी सांगितलंच नव्हतं. स्वामी म्हणायचो आम्ही. मामा स्वामी.

निखिल म्हणाला, लिहून दिलंत तर मी नेतो, कागद न्यायला हरकत नाही. डेस्कवरच्या बाईने कागद दिला, पेन दिलं नाही, पेन्सिल दिली.

लिहिलं: श्रीकांत. आमच्याकडे श्री. जन्म नागपूर. गणित उत्तम. मला सायकल शिकवली. खालच्या पट्टीत गायचा आणि स्वतःलाच दाद द्यायचा. एकविसाव्या वर्षी आजारी पडला. तेव्हाच्या गोळ्यांची नावं मला माहीत नाहीत, पांढऱ्या आणि एक पिवळी, तोंड कोरडं पडायचं. पस्तिसाव्या वर्षी गेला. मी त्याला भेटायला एकदाच गेले, अमेरिकेला निघायच्या आधी. गेट उघडायला वेळ लागला. त्याने मला ओळखलं. जेवून आलीस का, विचारलं. मी म्हटलं हो. जेवले नव्हते. तो म्हणाला, परत कधी येशील, तर मी म्हटलं, लवकरच.

पाठपोट झाला कागद. मराठीत लिहिला होता, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. इंग्रजीत पुन्हा लिहू का म्हटलं, तर निखिल म्हणाला, असू दे, मी वाचून दाखवीन.

लिफ्टचं दार बंद झालं. पाच वाजले. सव्वापाच. निखिल साडेपाचपर्यंत खाली आला नाही, मग आला, म्हणाला दोनदा वाचायला लावलं. आणखी काही म्हणाली का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

उद्या भेटायची वेळ चार ते साडेपाच. घरून बावीस मिनिटं लागतात. तीनला निघेन.